दुसऱ्या शनिवारचे व्याही

त्या बुधवारी सकाळी दहा वाजता दोन कारागीर आले. त्यांनी माझ्या न्हाणीघरातल्या टाइल्समधल्या फटी खरवडल्या, त्यांत इपॉक्सी भरलं आणि चार वाजता ते गेले. त्यानंतर माझे व्याही माझ्याकडे काम करायला आले नाहीत. सात महिन्यांनी ते वारले.

माझे व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. टाइल्समधल्या फटींवर त्यांच्याइतका जीव लावणारा माणूस चिखलीपासून चाकणपर्यंत दुसरा झाला नसेल, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे. देवळात गेल्यावर लोक मूर्तीकडे बघतात. हे आधी गाभाऱ्याबाहेरच्या फरशीकडे बघत आणि हात नंतर जोडत. कुणाच्या घराची वास्तुशांत असली की यजमान त्यांना बाल्कनी दाखवी, हॉलचं छत दाखवी, आणि हे ‘छान, छान’ म्हणत हळूहळू न्हाणीघराच्या दिशेने सरकत. त्या फटींना ते सांधे म्हणत. "टाइल काय, कुणीही पुसतंय," ते सांगत. "तिच्यावर उजेड पडतो, पाहुण्याची नजर पडते. घाण बसते ती दोन टाइलच्या मधी. तिथं वाकल्याशिवाय दिसत नाही, आणि वाकायला कुणाला वेळ आहे?" चाकणच्या एका कंपनीत, गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या खात्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर कंपनी सुटली, तपासणी सुटली नाही.

आमची पहिली भेट माझ्याच घरी, चिखलीला झाली. लग्न मुलांनी आपसांत ठरवलं होतं. रीत म्हणून पोहे करायचे एवढंच राहिलं होतं. माझे यजमान जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती, म्हणून घरचं मोठं माणूस म्हणून माझी थोरली जाऊ मंचरहून आली होती. पोहे संपले आणि व्याह्यांनी हात धुवायला कुठे जाऊ म्हणून विचारलं. गेले ते गेलेच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझी जाऊ माझ्याकडे बघायला लागली. मी पोह्यांत काय काय घातलं होतं ते आठवायला लागले. शेवटी त्यांचा मुलगा शांतपणे म्हणाला, "काकू, बाबा ठीक आहेत. सांधे बघत असतील." मी जाऊन पाहिलं तर हे खरोखर उकिडवे बसलेले, हातात खिशातली छोटी बॅटरी, आणि बोटाचं नख एका फटीवरून सावकाश चाललेलं. मला बघून उठले नाहीत. म्हणाले, "विहीणबाई, मुलगी पसंत आहे, तो विषय पोरांनीच संपवलाय. तुम्ही इथं ॲसिड टाकता का?" मी हो म्हटलं. "बंद करा. डाग जात नाही, सिमेंट जातंय." ते गेल्यावर माझी जाऊ भांडी आवरता आवरता म्हणाली, "मुलगा गुणी आहे गं. पण बापाकडे लक्ष ठेवायला हवं."

लग्नातही तेच. मंगलाष्टका सुरू व्हायची वेळ झाली, अक्षता वाटून झाल्या आणि मुलाचे वडील जागेवर नाहीत. शोधाशोध झाली. कार्यालयाच्या मागच्या बाजूला, पंगतीनंतर हात धुवायच्या बेसिनपाशी ते डोक्यावर फेटा तसाच ठेवून तिथल्या व्यवस्थापकाला खाण्याचा सोडा किती पाण्यात कालवायचा ते समजावत होते. व्यवस्थापक बिचारा वहीत लिहून घेत होता, कारण वरपक्षाला नाही कसं म्हणायचं? हॉटेलात जेवायला गेलो तर टेबल धरण्याआधी ते एकटे हात धुवायला जात. आम्ही सगळे दाराशी उभे. बाहेर येऊन त्यांनी मान डोलावली की आम्ही बसायचं, आडवी हलवली की पुढच्या हॉटेलकडे चालायला लागायचं. एकदा चाकण रस्त्यावर आम्ही अशी तीन हॉटेलं सोडली आणि शेवटी गाडीवरची भजी खाऊन घरी आलो. "इथं बेसिनच नाही," ते भजी खाताना समाधानाने म्हणाले, "मग नापास कसं करणार?"

लग्नानंतर दोन वर्षांनी मुलं नोकरीसाठी बंगळुरूला गेली. व्याह्यांच्या पत्नी मुलांच्या लग्नाआधीच वारल्या होत्या. संत तुकाराम नगरच्या घरात ते एकटे राहिले, चिखलीला मी एकटी. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून माझा दिवस पुस्तकांत जायचा आणि दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द एका पानावर मावले असते. लेकीने पाठवलेली एक पिशवी द्यायला म्हणून व्याही एकदा आले. पाणी प्यायले, न्हाणीघरात डोकावले आणि निघताना म्हणाले, "येत्या दुसऱ्या शनिवारी येतो. दोन लिंबं आणून ठेवा." मला वाटलं, गंमत करताहेत. दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता कापडी पिशवी घेऊन ते दारात उभे होते. पिशवीत खाण्याच्या सोड्याचा डबा, केस अर्धे कापलेले तीन टूथब्रश, जुन्या बनियनची फडकी आणि घडी केलेली हाफ पँट.

मी फार ओशाळले. मुलाचे वडील, आणि मुलीच्या आईच्या न्हाणीघरात बसून फरशी घासणार? मी म्हटलं, "भाऊसाहेब, हे काही बरं दिसत नाही." ते म्हणाले, "दिसायचा प्रश्नच नाही. दार लावून घ्या की. मी व्याही म्हणून नाही आलो, तपासणीला आलोय."

त्यांच्या कामाची पद्धत कंपनीतली होती. आधी पहिला पीस. म्हणजे एकच सांधा, वीतभर लांबीचा, अगदी कोपऱ्यातला. सोडा पाण्यात कालवायचा, कणकेपेक्षा सैल आणि भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट. तो सांध्यावर बोटाने लिंपायचा आणि पंधरा मिनिटं त्याच्याकडे बघायचंही नाही. मग वरून अर्धं लिंबू पिळायचं. फेस उठला की ते कान खाली नेत आणि म्हणत, "बोलायला लागलं." मग ब्रश, तोही सांध्याच्या लांबीतच, आडवा कधीच नाही. मग कोमट पाणी, मग फडकं. एवढं झालं की मला हाक मारत. "पहिला पीस बघा. पास असला तर लॉट चालू करतो." मी चष्मा लावून वाकून बघायची आणि पास म्हणायची. एकदा मी न बघताच पास म्हटलं तर त्यांनी काम थांबवलं. "असं नसतंय विहीणबाई. तुम्ही बघितलं नाही तर मी घासलं कशाला?" त्यांनी इतर प्रयोगही केले होते. दंतमंजन, चिंचेचं पाणी, एकदा आंबट ताक. ताकाचा प्रयोग त्यांच्या घरी झाला आणि शेजारच्या बाईंनी दोन दिवस त्यांच्याशी बोलणं बंद ठेवलं. सोडा आणि लिंबू यांवरच त्यांची श्रद्धा होती, तीही मोजून. "महिन्यातून एकदा. त्याच्या वर नाही. लिंबू म्हणजे शेवटी आंबट. रोज लावलं तर सिमेंट खातंय."

ते घासत तेव्हा मी न्हाणीघराच्या दाराबाहेर खुर्ची टाकून पुस्तक घेऊन बसायची. त्यांना एकटं सोडून आत जाऊन बसणं मला जमेना, आणि समोर बसून त्यांची पाठ बघत राहणंही जमेना. दुसऱ्या की तिसऱ्या वेळी आतून आवाज आला, "काय वाचायलाव?" मी कादंबरी म्हटलं. "मोठ्यानं वाचा की. मलाबी ऐकू द्या." मी वाचू लागले. पुढे तो नेमच झाला. ब्रश चालायचा, मी वाचायची, आणि एखाद्या प्रसंगाला ब्रश थांबायचा. मग शेरा यायचा. "हा नायक चालणार नाही. बोलतो फार, करत काही नाही." किंवा, "ह्या बाईला रिवर्कला पाठवा. वाईट नाही ती, घाईत बनवलीय." एका कादंबरीत शेवटी बाप मुलाला न भेटताच जातो. मी ते पान संपवलं. मग नळ सुटला. "पाणी मारतो," ते म्हणाले. "तुम्ही जरा थांबा."

पाठ माझ्याकडे असली म्हणजे त्यांना बोलता येई. एका शनिवारी, लिंबू पिळता पिळता, त्यांनी आपणहून सांगितलं. "आमच्या हिला शेवटी शेवटी उठवत नव्हतं. अंघोळ मीच घालायचो. ती पाटावर, मी खाली. तेव्हा पहिल्यांदा मोरी खालून बघितली. सांधे काळेकुट्ट. ही बाई पंचवीस वर्षं रोज इथं बसून कपडे धूत होती, आणि मी बाहेर बसून कंपनीत दुसऱ्याचा माल नापास करायलो. मी म्हटलं, हे कसं राहिलं गं? तर म्हणाली, मला दिसत होतं, हात पुरत नव्हते. मग तिनंच सांगितलं, सोडा आधी, लिंबू मागनं. ती पाटावर बसून पास-नापास करायची." पिळलेलं लिंबू बाजूला ठेवून म्हणाले, "ती गेली आणि पास करायला कुणी राहिलं नाही." मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी पुढचं पान उलटलं आणि वाचायला लागले. त्यांनाही तेच हवं असावं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. काम झालं की उंबऱ्याशी बसूनच ते चहा घेत, आणि उठताना दर वेळी एकच वाक्य म्हणत, "चला, आता पुढच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत बघायला नको." तीन वर्षं हे असं चाललं. पाऊस असो, बस उशिरा येवो, त्यांचा शनिवार चुकला नाही.

मग माझी जाऊ डोळ्यांच्या तपासणीसाठी माझ्याकडे चार दिवस राहायला आली. त्यात दुसरा शनिवार आला. मला तिला आधी सांगायचं सुचलं नाही, किंवा सुचलं आणि धीर झाला नाही. हाफ पँट घालून, गुडघ्याखाली फडकं घेऊन बसलेले व्याही तिने पाहिले आणि ती तशीच मागे फिरून स्वयंपाकघरात आली.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

"तीन वर्षं. महिन्यातून एकदाच."

"आणि तू बसून वाचतेस?"

"ते वाचा म्हणतात."

"अगं, मुलाचा बाप आहे तो. लग्नात त्यांचे पाय आपण धुतले. आणि ते आता तुझी मोरी धुतात? उद्या कुणी पाहिलं तर पोरीला काय तोंड दाखवशील? आणि तुम्ही दोघंही एकटी. लोक काय फक्त मोरीचंच बोलतील?"

ती वाईट बाई नाही. यजमान गेल्यावर वर्षभर दर आठवड्याला मंचरहून येणारी तीच होती. म्हणूनच तिचं बोलणं मला लागलं. पुढचे काही दिवस मी ते मनात घोळवत राहिले. व्याह्यांना अलीकडे उठताना भिंतीचा आधार लागे, दम लागे. त्यांना आता त्रास देऊ नये, असंही मी मनाशी म्हणाले. पण खरं सांगायचं तर दमाचं निमित्त मी नंतर शोधलं. आधी आली ती लाज. त्यांना येऊ नका म्हणण्याइतकी मी कठोर नव्हते. मी त्याहून सोपी वाट काढली. इमारतीतल्या एकांकडे इपॉक्सी भरलं होतं. त्यावर डाग बसत नाही, घासावं लागत नाही. मी कारागीर बोलावले. व्याह्यांचे कष्ट कायमचे वाचवले, याचा मला थोडा अभिमानही वाटला.

दुसऱ्या शनिवारी ते आले. मी त्यांना काही न सांगता न्हाणीघरापाशी नेलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, बॅटरी काढली आणि वाकून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सगळं बघितलं. नख फिरवून बघितलं. मग माझ्याकडून चमचाभर हळद मागून घेतली, पाण्यात कालवून एका सांध्यावर लावली, दहा मिनिटं थांबले आणि पुसली. पिवळा ठिपकाही राहिला नाही.

"पास आहे," ते म्हणाले. "चांगलं केलंत. आता ह्याला बघायला नको."

"तुम्हाला फार त्रास व्हायचा, भाऊसाहेब."

"हो, ते आहेच." त्यांनी बॅटरी खिशात ठेवली. हाफ पँट पिशवीतून बाहेर निघालीच नाही.

मी त्यांना हॉलमध्ये सोफ्यावर बसवलं. शिरा केला होता, तो ट्रेमध्ये, चांगल्या बशीत, चमचा लावून दिला. व्याह्यांचा मान म्हणतात तो मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट केला. ते समोर बसले, मी समोर बसले आणि आम्हाला दोघांनाही काही बोलता येईना. त्यांनी शिऱ्याची स्तुती केली. मी मुलांच्या फोनचं सांगितलं, जो त्यांनाही आलाच होता. माझं पुस्तक बाजूच्या टेबलावर होतं. त्यांनी त्याच्याकडे एकदा बघितलं. समोरासमोर बसून मोठ्याने वाचायचं मला कसंतरी वाटलं, आणि वाचा म्हणायला त्यांनाही तसंच वाटलं असावं. वीस मिनिटांत ते उठले.

त्यानंतर ते दोनदा आले. दिवाळीत इस्त्रीचा शर्ट घालून, मिठाईचा डबा घेऊन. संक्रांतीला तिळगूळ घेऊन. दोन्ही वेळा येण्याआधी त्यांनी फोन केला, येऊ का म्हणून विचारलं. आधीच्या तीन वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. संक्रांतीला निघताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "तुमच्या खालच्या मजल्यावर कुणाचे सांधे खराब असले तर सांगा." मी हसले. मला ती गंमत वाटली. मी म्हटलं, "आता आराम करा." त्यांनी मान डोलावली, हॉटेलात पास करताना डोलावत तशी, आणि जिना उतरले.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी त्यांच्या शेजारच्या बाईंचा फोन आला. झोपेतच गेले होते. मुलं विमानाने आली. दिवस झाल्यावर घर आवरायला मीही लेकीबरोबर संत तुकाराम नगरला गेले. त्या घरात मी याआधी एक-दोनदाच आले होते, तेही पाहुणी म्हणून हॉलपर्यंत. जावई न्हाणीघरातलं सामान काढायला गेला आणि तिथूनच त्याने हाक मारली. "आई, हे बघता का जरा?"

सगळे सांधे रिकामे होते. काळे नव्हते, पांढरेही नव्हते. सिमेंटच उरलं नव्हतं. प्रत्येक टाइल आपापली वेगळी झाली होती, मधे खोल फट, आणि ती फट इतकी स्वच्छ की आतलं काँक्रीट दिसत होतं. भिंतीलगतच्या दोन टाइल्स बोट लावताच हलल्या. जावई म्हणाला, "पाणी मुरून असं होतं का?" मी एका फटीवरून नख फिरवून बघितलं. शेजारच्या बाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका हल्ली रोज लिंबं आणायचे हो. मला वाटलं, उन्हाळा आहे, सरबत करत असतील. दुपारी घासल्याचा आवाज यायचा भिंतीतून. रोज यायचा. मी एकदा विचारलं, काका, इतकं काय घासता? तर म्हणाले, पास होईना."

लेकीने माझ्याकडे बघितलं. "आई, बाबांना काही होत होतं का? तुझ्याशी बोलायचे ना ते?"

"बोलायचे," मी म्हटलं. "आधी."

आठवडाभराने जावयाने कारागीर बोलावून ते सांधे भरून घेतले, इपॉक्सीनेच, आणि घर भाड्याने दिलं. तिथे आता एक नवरा-बायको राहतात. दोघंही तळवड्याला नोकरी करतात. मुलं बंगळुरूला परत गेली. माझी जाऊ अधूनमधून फोन करते आणि एकटी राहू नकोस म्हणते. मी महिन्यातून तीन-चार पुस्तकं वाचते, मनातल्या मनात. दोन्ही घरांतले सांधे पांढरे आहेत, आणि ते घासायला कुणाला यावं लागत नाही.